‘कितला लागतीन?’ : दवाखान्याच्या खर्चाबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आम्ही दवाखान्याच्या बिलांबद्दल प्रश्न मागवले होते. रावेर-यावलपासून नवापूर-धडगावपर्यंतची पत्रे आली. बियाण्याच्या पिशवीसाठी चार दुकाने फिरणारा माणूस दवाखान्यात ‘कितला लागतीन?’ एवढे विचारायला कचरतो, आणि विचारलेच तर ‘आधी पेशंट बरा होऊ द्या, मग बघू’ हे ऐकून गप्प बसतो, असे बहुतेक पत्रांतून दिसते. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे देत आहोत.

प्रश्न : आईच्या एका गुडघ्याचे ऑपरेशन करायचे आहे. जळगावात एका ठिकाणी १ लाख ६० हजारांचे पॅकेज सांगितले, दुसरीकडे २ लाख १० हजार ‘सगळे धरून’. तिसरे डॉक्टर आकडा सांगायलाच तयार नाहीत. स्वस्त ते धरावे का?
(शेतकरी, ता. यावल)

उत्तर : आज तुमच्या हातात दोन आकडे आहेत, पण ते एकाच मालाचे आहेत की नाही हे कळलेले नाही. केळीचा भाव विचारताना घड दांड्यासह की फण्या, कटाई कोणाकडे, गाडी कोणाची हे ठरवल्याशिवाय भाव ठरत नाही, इथेही तेच. कोऱ्या कागदावर पुढच्या बाबी एकाखाली एक लिहा आणि दोन्ही ठिकाणच्या बिलिंग काउंटरवर प्रत्येकीसमोर रक्कम, नाहीतर ‘पॅकेजमध्ये’ किंवा ‘वेगळे’ असे लिहून मागा : कृत्रिम सांधा, बोन सिमेंट, सर्जन व सहायकाची फी, भूलतज्ज्ञ, शस्त्रक्रियागृह, खाटेचे दिवस आणि दर, अतिदक्षता विभागाचे दिवस, शुश्रूषा, औषधे व सुया-हातमोज्यांसारखे साहित्य, रक्त-लघवी-एक्सरे-ईसीजी, रक्ताची पिशवी लागल्यास ती, फिजिओथेरपीच्या भेटी, वॉकर, आणि टाके काढण्याच्या दिवसाची फी.

यातली सांध्याची ओळ सर्वांत महत्त्वाची, कारण तिथे सरकारने कमाल किंमत बांधली आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्यनिर्धारण प्राधिकरणाने कोबाल्ट-क्रोमियमच्या नेहमीच्या संपूर्ण सांध्याची कमाल किंमत ५४,७२० रुपये, तर टायटॅनियम किंवा ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियमच्या सांध्याची ७६,६०० रुपये ठरवली. त्यावर जीएसटी वेगळा. पुढे या आदेशाला मुदतवाढ मिळत गेली. ऑपरेशनच्या आधी प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर चालू आकडा पाहून घ्या. म्हणून ‘इम्पोर्टेड आहे, महाग पडेल’ एवढ्यावर थांबू नका. कंपनी, ब्रँड आणि धातू लिहून घ्या. परदेशी बनावटीलाही हीच मर्यादा लागू आहे. बिलात सांध्याची रक्कम वेगळी, कंपनीचे नाव आणि बॅच क्रमांकासह दाखवावी लागते. प्रत्येक भागाच्या खोक्यावर चिकटपट्टी असते, तिची एक प्रत रुग्णाच्या फाइलमध्ये लावतात. तिचा फोटो तुमच्याकडेही ठेवा. पाच-सात वर्षांनी त्या गुडघ्याला काही झाले, तर पुढचा सर्जन पहिल्यांदा तीच मागेल.

हृदयाच्या स्टेंटचेही (अडलेली रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) असेच आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये औषधाचा लेप असलेल्या स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपयांवर आणली गेली. दरवर्षीच्या महागाईने ती आता ३८ हजारांच्या घरात गेली आहे. मात्र इथे बऱ्याच जणांची एक चूक होते. किंमत बांधली आहे ती वस्तूची, ऑपरेशनची नाही. सांधा स्वस्त झाला आणि शस्त्रक्रियागृहाचा दर वाढला, तर त्याला हा आदेश आडवा येत नाही. म्हणूनच सगळ्या ओळी वेगवेगळ्या मागायच्या.

पॅकेज फुटते ते तीन ठिकाणी. पहिले म्हणजे दिवस : पॅकेज चार दिवसांचे आणि मुक्काम सहा, तर वाढीव दोन दिवसांचा खाट, शुश्रूषा आणि डॉक्टरांच्या फेरीचा दर काय, हे आधीच लिहून घ्या. दुसरे, साखर. आईंना मधुमेह असेल तर एचबीए१सी तपासणी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी) भरती होण्याच्या दोन-तीन महिने आधीच करून घ्या. साखर चढलेली निघाली की ऑपरेशन पुढे ढकलतात आणि मधल्या भरतीचे, तपासण्यांचे पैसे गेलेले असतात. तिसरे, बाहेरून केलेल्या तपासण्या. त्या चालतील का, आणि किती दिवसांपूर्वीच्या चालतील, हे विचारल्याशिवाय करू नका. नाहीतर त्याच तपासण्यांचे दोनदा पैसे जातात.

आकडा न सांगणाऱ्या डॉक्टरांबद्दल. गुंतागुंत झाली तर किती लागतील हे कोणीही सांगू शकत नाही, हे खरे. पण सरळ पार पडलेल्या ऑपरेशनचा अंदाज देता येत नाही, हे पटण्यासारखे नाही. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांमध्ये २०२१ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून खासगी रुग्णालयाने दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे. दरपत्रक दिसले नाही तर काउंटरवर मागा. तरीही मिळाले नाही तर तक्रार महापालिका हद्दीत महापालिकेच्या वैद्यकीय आरोग्य अधिकाऱ्यांकडे, बाहेर जिल्हा शल्यचिकित्सकांकडे किंवा जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे करायची. एक मात्र लक्षात असू द्या, या नियमांनी दर दाखवायला लावले आहे, किती असावा हे ठरवून दिलेले नाही.

आमचे मत विचाराल, तर ज्या ठिकाणी तुमचा कागद भरून मिळेल ते ठिकाण पन्नास हजारांनी महाग दिसले तरी शेवटी स्वस्त पडू शकते.

प्रश्न : वडिलांच्या बीपी-शुगरच्या गोळ्यांना महिन्याला अडीच हजार लागतात. जेनेरिक घ्या म्हणतात. आमच्या दुकानदाराने ‘जेनेरिक’ म्हणून दिलेल्या पाकिटावर किंमत तर तेवढीच छापलेली आहे, वर म्हणतो निम्म्यात देतो. हा काय प्रकार?
(गृहिणी, अमळनेर)

उत्तर : जेनेरिकच्या नावाखाली बाजारात दोन प्रकारचा माल आहे. एक केंद्र सरकारच्या जनऔषधी केंद्रातला : त्यावर छापील किंमतच ब्रँडच्या तुलनेत साधारण ५० ते ८० टक्क्यांनी कमी असते. दुसरा साध्या दुकानातला : कंपनी तो दुकानदाराला फार स्वस्त देते, पण पाकिटावर किंमत ब्रँडच्या जवळपास छापते. मधला फरक दुकानदाराचा. तुम्हाला ‘निम्म्यात’ दिला तरी त्याच्याकडे भरपूर उरते. यात बेकायदा काही नाही, पण छापील किमतीवरची सूट पाहून आनंद मानण्यात अर्थ नाही. एका गोळीला किती पडले, ते काढा. पाकीट १० गोळ्यांचे की १५ चे, हे पाहिल्याशिवाय दोन पाकिटांची तुलना करू नका.

आता करायचे काय. वडिलांच्या सगळ्या पाकिटांची मागची बाजू मोबाइलवर फोटो काढून मोठी करून वाचा. ब्रँडच्या नावाखाली बारीक अक्षरांत औषधाचे मूळ नाव आणि मात्रा असते, उदाहरणार्थ ‘तेलमिसार्टन ४० मिग्रॅ, ॲम्लोडिपिन ५ मिग्रॅ’. ती यादी करा. पुढच्या तपासणीला डॉक्टरांना मूळ नावांनीच चिठ्ठी लिहून द्यायला सांगा. ही पायरी गाळू नका. चिठ्ठीवर ब्रँड लिहिला असेल तर फार्मासिस्टला त्याच्या मनाने दुसरा ब्रँड देता येत नाही, औषध नियमांतच तशी मनाई आहे. ‘जनऔषधीवाल्याने परत पाठवले’ अशी तक्रार पुष्कळ पत्रांत आहे, ती बहुधा यामुळेच.

यादी उतरवताना ‘एसआर’, ‘ईआर’, ‘एक्सआर’ ही नावापुढची अक्षरे सोडू नका. ती सावकाश विरघळणारी गोळी असते. तिच्याऐवजी साधी गोळी आणली तर साखर दिवसभर खालीवर होते. सावकाश विरघळणारी गोळी मोडून अर्धी खायची नाही. थायरॉइडची, फिटची आणि रक्त पातळ करणारे वॉरफरिन ही औषधे एका कंपनीची सुरू असतील तर डॉक्टरांना न विचारता बदलू नका. इथे मात्रेतला थोडा फरकही जाणवतो. बदल केलाच तर रक्त तपासून पाहावे लागते. दोन औषधांची जोडगोळी केंद्रात मिळत नसेल, पण तीच दोन औषधे सुटी मिळत असतील, तर चालेल का हेही डॉक्टरांनाच विचारायचे.

‘जनऔषधी सुगम’ ॲपवर जवळचे केंद्र आणि किंमत दोन्ही दिसतात. ‘फार्मा सही दाम’ या सरकारी ॲपवर ब्रँडचे किंवा औषधाचे नाव टाकले की कमाल किंमत कळते. अत्यावश्यक यादीतल्या औषधांची किंमत सरकार बांधते. यादीबाहेरच्या औषधाची छापील किंमत कंपनीला वर्षात १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही. जास्त घेतल्याची तक्रार राष्ट्रीय औषध मूल्यनिर्धारण प्राधिकरणाच्या १८०० १११ २५५ या क्रमांकावर होते. बिल मात्र हवे. बिल नसेल तर तक्रार तिथेच मरते.

तालुक्याला केंद्र नसेल तर तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम आणा. मुदत संपण्याची तारीख पाहा, आणि पाकीट कापताना तारीख असलेला तुकडा शेवटपर्यंत राखा. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. जुन्या छापील किमतीचे पाकीट आले तर नवा दर लावला का, ते विचारा.

प्रश्न : रुग्णालयाच्या आतल्या मेडिकलमधूनच औषधे आणायला लावतात. बाहेरचे चालणार नाही म्हणतात. असा नियम आहे का?
(वाचक, धुळे)

उत्तर : नाही. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२५ मध्ये रुग्णालयांतल्या औषध दुकानांना ‘इथूनच औषध घेणे बंधनकारक नाही’ असा फलक लावायला सांगितले आहे. फलक नसेल तर प्रशासनाचा क्रमांक १८०० २२२ ३६५.

पण व्यवहारात एक अडचण येते. अतिदक्षता विभागात रात्री दोन वाजता इंजेक्शन हवे असेल, तर बाहेर धावण्यात अर्थ नाही. खरी बचत रोज लागणाऱ्या महागड्या प्रतिजैविकात असते. एकाच मूळ औषधाच्या दोन कंपन्यांच्या कुपीच्या छापील किमतीत दुप्पट-तिप्पट फरक असतो, आणि आतले दुकान बहुधा जास्त किमतीची ठेवते. सकाळच्या फेरीला डॉक्टरांना सरळ विचारा, ‘डॉक्टरसाहेब, याच औषधाची कमी किमतीची कंपनी चालेल का?’ चालणार असेल तर चिठ्ठीवर लिहून घ्या. बाहेरून आणले तर बिल व बॅच क्रमांक नर्सला दाखवून नोंद करून घ्या. शीतसाखळीचे (सतत थंडच ठेवावे लागणारे) इंजेक्शन बर्फाच्या डब्यातच आणा, पिशवीत घालून मोटारसायकलवर नाही.

दर दोन दिवसांनी औषधांचे चालू बिल मागा. न वापरलेली, न फोडलेली औषधे सुट्टी होण्याच्या आदल्या दिवशी परत करा. शेवटच्या दिवशी गडबडीत ती राहून जातात.

प्रश्न : केळीच्या बागेत भावाला साप चावला. खासगीत नेले. बिलात सापाच्या विषावरच्या १८ बाटल्या दाखवल्या. एवढ्या लागतात का?
(वाचक, ता. रावेर)

उत्तर : लागू शकतात. प्रतिविषाचा सुरुवातीचा डोस साधारण ८ ते १० कुप्यांचा असतो. रक्त गोठत नसेल तर ठरावीक तासांनी पुन्हा देतात. तेव्हा १८ हा आकडा एकट्याने संशयास्पद नाही. पडताळायचे ते असे : केसपेपरवर प्रत्येक डोसची वेळ आणि कुप्यांची संख्या असते, त्यांची बेरीज बिलाशी जुळली पाहिजे. दोन डोसच्या मध्ये रक्त गोठण्याची चाचणी केल्याची नोंदही असायला हवी. पुढच्या वेळी आधी १०८ ला फोन करा आणि जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात न्या. तिथे प्रतिविष मोफत असते, आणि पहिला डोस जितका लवकर मिळेल तितके पुढचे कमी लागते. मांत्रिकाकडे घालवलेला तास सर्वांत महाग पडतो.

प्रश्न : महात्मा फुले योजनेत आता सगळे बसतात म्हणतात. मग पिवळे रेशनकार्ड दाखवूनही ‘योजनेत होणार नाही’ असे का सांगितले? शेवटी पैसे भरले. ते परत मिळतील का?
(वाचक, ता. शिरपूर, असाच प्रश्न पाचोरा व साक्रीहून)

उत्तर : शेवटचे आधी सांगतो. भरलेले पैसे योजनेतून तुमच्या खात्यात परत येत नाहीत. ही योजना विनारोकड आहे. पूर्वमान्यता उपचाराआधी मिळवावी लागते, आणि पैसे सरकारकडून थेट रुग्णालयाला जातात. म्हणून ‘आत्ता भरा, नंतर योजनेत बसवू’ असे कोणी म्हणाले तर भरू नका. लेखी घ्या किंवा तिथूनच फोन करा.

१ जुलै २०२४ पासून पांढऱ्या कार्डासह सगळी शिधापत्रिकाधारक कुटुंबे या योजनेत आली, आणि संरक्षण दीड लाखावरून वर्षाला कुटुंबामागे ५ लाख झाले. ७० वर्षे व त्यावरच्यांना आयुष्मान वय वंदना कार्ड वेगळे मिळते, त्याला उत्पन्नाची अट नाही. पण ‘योजनेत होणार नाही’ या एका वाक्यामागे चार वेगळ्या गोष्टी असू शकतात. कोणती, ते विचारा.

रुग्णालय योजनेच्या यादीतच नसेल. किंवा यादीत असेल, पण त्या विभागासाठी नसेल : हाडांसाठी आहे, हृदयासाठी नाही, असे असते. किंवा तो उपचारच यादीत नसेल. योजना ठरावीक शस्त्रक्रिया आणि उपचारांची आहे, साध्या तापाची सलाईन तीत येत नाही, आणि काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत. चौथी गोष्ट कागदांची. आमच्याकडच्या पत्रांत हीच जास्त आहे. नवी सून आणि लहान मूल रेशनकार्डात चढवलेले नसते. आधारवर एक आडनाव, कार्डावर दुसरे. कार्डाचा १२ अंकी ऑनलाइन क्रमांकच निघालेला नसतो. हे काम पुरवठा कार्यालयात आजारपण नसताना, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सगळे घरी जमलेले असताना करून टाका. आयुष्मान कार्डाची ई-केवायसीही तेव्हाच होते. तीन भावांचे एकच कार्ड असेल तर ५ लाख तिघांत मिळून आहेत, हेही विसरू नका.

यादीतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा मदतनीस, बसतो. डॉक्टरांच्या खोलीत जाण्याआधी त्याला गाठा. तपासण्या, शस्त्रक्रिया, औषधे, जेवण, परतीचे भाडे आणि सुट्टीनंतर १० दिवसांचा पाठपुरावा पॅकेजमध्ये धरलेला असतो. तरीही ‘वरचे वीस हजार रोख’ मागितले, तर तिथेच उभे राहून १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० वर फोन करा. रुग्णाचे नाव, वेळ आणि मागणाऱ्याचे पद सांगा. घरी येऊन केलेल्या तक्रारीला तेवढी धार राहत नाही. तातडीच्या वेळी कागद हाताशी नसले तरी फोनवरून मान्यता घेण्याची सोय आहे.

आणखी एक. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत केसपेपर, तपासण्या, उपचार सगळे मोफत आहे. पण हा निर्णय त्या एका विभागाचा. जळगावचे जुने सिव्हिल आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, धुळ्याचे भाऊसाहेब हिरे महाविद्यालयही वैद्यकीय शिक्षण विभागाकडे आहे. तिथे केसपेपर किंवा सीटीस्कॅनचे पैसे मागितले म्हणून भांडू नका, दरफलक पाहा आणि योजनेत बसते का ते विचारा.

प्रश्न : आम्हाला सुरत जवळ. आपले कार्ड तिकडे चालते का?
(वाचक, नवापूर)

उत्तर : स्टेशनाचा निम्मा भाग गुजरातेत असलेल्या गावाला हा प्रश्न पडणारच. तुमचे कुटुंब केंद्राच्या प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेच्या यादीत असेल तर देशभरातल्या यादीतल्या रुग्णालयांत चालते. केवळ राज्याच्या योजनेतून पात्र असाल तर सुरतेत चालत नाही. कार्ड दोघांचेही सारखेच दिसते, म्हणून गाडीत बसण्याआधी १४५५५ वर आपला क्रमांक सांगून खात्री करा. तेवढाच वेळ नंदुरबारच्या शासकीय रुग्णालयात तो उपचार होतो का, हे विचारण्यातही घालवावा.

प्रवासाचे म्हणाल तर : कर्करोगाच्या रुग्णाला रेल्वेत स्लीपर आणि थ्री टायर एसीत भाडे पूर्ण माफ आहे, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सवलत. रुग्णालयाकडून रेल्वेच्या नमुन्यातला दाखला घ्यायचा आणि तिकीट खिडकीवर काढायचे. भुसावळहून मुंबईला दर महिन्याला जाणाऱ्या पुष्कळांना हे माहीतच नाही. एसटीत डायलिसिस आणि सिकलसेलच्या रुग्णांना साध्या गाडीचा प्रवास मोफत आहे.

प्रश्न : सिकलसेलच्या मुलीला रक्त चढवावे लागते. दर वेळी बदली रक्तदाता आणा म्हणतात आणि पैसेही घेतात.
(वाचक, ता. धडगाव)

उत्तर : सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलियाच्या रुग्णांना रक्त मोफत द्यायचे आहे. बदली रक्तदात्याची सक्ती करता येत नाही. मुलीचे सिकलसेलचे कार्ड आणि एचपीएलसी (हिमोग्लोबिनचा प्रकार दाखवणारी रक्ततपासणी) अहवालाची प्रत सोबत ठेवा. नुसत्या विद्राव्यता चाचणीवर, म्हणजे गावातल्या शिबिरात झालेल्या पहिल्या तपासणीवर, मुलगी वाहक की रुग्ण हे ठरत नाही आणि रक्तपेढी तिथेच अडवते. हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. त्या सलग चालल्या तर रक्त चढवण्याची वेळ कमी येते.

इतरांसाठी : रक्ताची किंमत नसते, फक्त प्रक्रियाशुल्क असते. २०२२ च्या दरांप्रमाणे लाल पेशींच्या पिशवीला खासगी रक्तपेढीत १,५५० आणि सरकारीत १,१०० रुपये. जादा चाचण्यांचे वेगळे. सरकारी रुग्णालयात भरती असलेल्याला तेही लागत नाही.

प्रश्न : ३ लाखांचा आरोग्य विमा आहे. १ लाख २० हजारांच्या बिलात कंपनीने ३२ हजार कापले. खोली फक्त दोन हजारांनी महाग घेतली होती.
(निवृत्त शिक्षक, भुसावळ)

उत्तर : तुमच्या पॉलिसीत खोलीभाड्याला दिवसाला विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे ३,००० ची मर्यादा आहे आणि तुम्ही ५,००० ची खोली घेतली. पाठवलेल्या बिलावरून हिशेब असा. चार दिवसांचे भाडे २०,०००, त्यातले १२,००० मंजूर, ८,००० गेले. इथवर तुम्हालाही मान्य आहे. पण सर्जन, भूल, शस्त्रक्रियागृह आणि शुश्रूषा मिळून ६०,००० आहेत, आणि खोली वरच्या वर्गाची की हे दरही वरच्या वर्गाचे लागतात. म्हणून कंपनीने त्यातही पाचास तीन या प्रमाणात ३६,००० दिले, २४,००० कापले. औषधे, तपासण्या आणि शरीरात बसवलेले साहित्य यांचे ४०,००० पूर्ण दिले. या तीन गोष्टींवर अशी कपात करता येत नाही, अतिदक्षता विभागाच्या खर्चावरही नाही. तेव्हा तुमची कपात नियमाने आहे. खोलीगणिक दर न बदलणारे रुग्णालय असते तर प्रमाणशीर कपात चुकीची ठरली असती. तसे पत्र रुग्णालय देत असेल तर दावा पुन्हा उघडायला सांगा.

नूतनीकरणाला खोलीभाड्याची मर्यादा नसलेली पॉलिसी मागा. वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी नाही, तो फरक यात घालता येईल. रोकडविरहित दाव्याला कंपनीने तासाभरात पूर्वमान्यता आणि सुट्टीच्या वेळी तीन तासांत अंतिम मंजुरी द्यायची असते. कंपनीने ३० दिवसांत तक्रार सोडवली नाही तर आपल्या भागासाठी विमा लोकपाल पुण्याला आहेत. अर्जाला फी नाही, वकील लागत नाही.

प्रश्न : योजनेत उपचार बसत नाही, विमा नाही. आता कुठे जावे?
(वाचक, ता. पारोळा)

उत्तर : दोन दरवाजे आहेत. पहिला धर्मादाय रुग्णालयांचा. विश्वस्त संस्थेच्या मोठ्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दराने राखाव्या लागतात. उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. तहसीलदारांचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन तिथल्या समाजसेवकाला भेटा, बिल झाल्यावर नाही, भरतीच्या वेळी. खाटा भरल्या म्हणाले तर आजच्या रिकाम्या खाटांची संख्या लेखी मागा आणि धर्मादाय आयुक्तालयाच्या जिल्हा कार्यालयात जा.

दुसरा मुख्यमंत्री सहायता निधीचा. ठरावीक गंभीर आजारांना मदत मिळते, कमाल २ लाख. उत्पन्न मर्यादा १ लाख ६० हजार. अर्जाला आता मुंबई गाठायची गरज नाही, जिल्हाधिकारी कार्यालयात कक्ष आहे. डॉक्टरांचे सही-शिक्क्याचे खर्चाचे अंदाजपत्रक (खासगी असेल तर जिल्हा शल्यचिकित्सकांनी प्रमाणित केलेले), उत्पन्नाचा दाखला, आधार, रेशनकार्ड, अहवाल. अपघात असेल तर पोलिसांचा कागद. पैसे रुग्णालयाच्या खात्यात जातात, म्हणून सुट्टी झाल्यावर केलेला अर्ज उपयोगाचा नाही. चौकशी १८०० १२३ २२११.

प्रश्न : बिल पूर्ण भरेपर्यंत पेशंटला सोडत नाहीत, फाइलही देत नाहीत.
(अनेक वाचक)

उत्तर : पैसे बाकी म्हणून रुग्णाला किंवा मृतदेहाला अडवून ठेवता येत नाही, २०२१ च्या नियमांत मृतदेहाबद्दल तर स्पष्टच लिहिले आहे. बाकी वसूल करायचा रुग्णालयाचा हक्क त्याने संपत नाही, तेव्हा ‘एवढी रक्कम बाकी, अमुक तारखेपर्यंत देतो’ असे लिहून द्या. उपचाराची कागदपत्रे मागितल्यापासून ७२ तासांत द्यावी लागतात. अर्ज दोन प्रतींत करा आणि एकीवर पोच घ्या. प्रतींचा खर्च तुमचा. बिल बाबवार मागा, आणि डॉक्टरांच्या भेटी केसपेपरवरच्या सह्यांशी मोजून पाहा. रोज दोन भेटी लावलेल्या आणि सही एक, ही चूक सर्वांत जास्त सापडते.